एकोणीस रेघा

अशोक, तुला सूट घातलाय त्यांनी.

निळा सूट, वर लाल टाय. उभ्या जन्मात तू टाय लावला नाहीस. कंपनीत पंचवीस वर्षांचा सत्कार झाला तेव्हासुद्धा अर्ध्या बाह्यांचा चौकड्याचा शर्ट घालून आलास आणि वर साहेबांना ऐकवलंस, "लेथवरचा माणूस टाय लावून उभा राहिला तर मशीन आधी त्याचा गळा धरते." आता तू काही बोलणार नाहीस म्हटल्यावर तुझ्या पुतण्याने, राहुलने, मोबाइलमधला कुठलातरी फोटो दिला आणि बॅनरवाल्याने तुझं डोकं उचलून दुसऱ्याच्या धडावर बसवलं. रंग उजळ केला. डाव्या गालावरचा चामखीळ पुसला. मागे ढग सोडले. तुझ्या पुण्यानुमोदनाच्या विधीच्या दिवशी बुद्धविहाराच्या दाराशी तो बॅनर बघून मला खरंच वाटलं, मी चुकून दुसऱ्या कोणाच्या कार्यक्रमाला आले.

"हा कोण रे?" मी राहुलला विचारलं.

"मावशी, काका आहेत ना."

"हे काका नाहीत. हे विमा विकणारे गृहस्थ आहेत."

पोरगं हिरमुसलं. त्याची काय चूक, त्याने मायेनेच केलं होतं. पण तू गेल्यापासून मला रडू कमी आणि राग जास्त येतोय, आणि तो कोणावर काढावा हे कळत नाही, म्हणून जो समोर येईल त्याच्यावर निघतो. आज तुझी पाळी.

तुझे फोटो नव्हते असं नाही. तुझे जेवढे फोटो माझ्या कपाटात आहेत तेवढे एखाद्या नटाचेही नसतील. फक्त त्यातला एकही मी काढलेला नाही. वीस वर्षं खांद्याला खांदा लावून आपण रस्त्यावर फोटो काढले, आणि तुझा एक फोटो तू मला काढू दिला नाहीस. हेच आपलं भांडण. ते अर्धवट टाकून तू निघून गेलास, हे मी तुला माफ करणार नाही.

आपली ओळखसुद्धा भांडणातूनच झाली, आठवतं? अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीतली आपली कंपनी. तू टूलरूममध्ये टर्नर, मी तपासणी खात्यात. तू केलेला जॉब मायक्रोमीटरने मोजायचा आणि पास की नापास ते सांगायचं, हे माझं काम. एक दिवस तुझ्या ट्रेमध्ये पितळेचे दोन छोटे बुश आले जे कुठल्याच ड्रॉइंगमध्ये नव्हते. मी नापासाचा लाल शिक्का मारून परत पाठवले. तू तणतणत आलास. "बाई, हे कंपनीचे नाहीत, चुकून ट्रेमध्ये गेले. पण नापास का? मापात काय कमी आहे?" मी म्हटलं, ड्रॉइंग नाही तर माप कशाशी ताडू? दुसऱ्या दिवशी तू ड्रॉइंग घेऊन आलास. वहीच्या पानावर पेन्सिलने काढलेलं, आणि सोबत तो डबा.

डबा म्हणजे काळ्या बॅकेलाइटचा जुना कॅमेरा, एकेकाळी घरोघरी असायचा तसला. त्याला लागणारा रुंद रोल बाजारातून गेला होता. रोलच्या दोन टोकांना बसवलेल्या तुझ्या त्या दोन बुशांमुळे त्यात साधा, अरुंद रोल बसत होता. आणि बसला की गंमत अशी, की चित्र चौकटीत थांबतच नाही, रोलच्या कडेच्या भोकांवरून पार काठापर्यंत जातं. तू मला एक पट्टी उजेडात धरून दाखवलीस. उल्हासनगरच्या दोन नंबर कॅम्पातला बाजार. टेम्पोवर नवाकोरा सोफा चढवलाय आणि त्या सोफ्यावर मांडी घालून हमाल बसलाय, राजासारखा, आणि त्याच्या डोक्यावरून भोकांची रांग गेलीय. मी शिक्का बाजूला ठेवला. बुश पास केले. पुढच्या रविवारी मी तुझ्याबरोबर होते.

लोक बोलले. आपल्याकडे दोन बाप्ये रविवारी पहाटे मासे धरायला गेले तर कोणी विचारत नाही, पण कुळगावची लग्न झालेली बाई दुसऱ्याच्या नवऱ्याबरोबर कॅमेरे गळ्यात घालून कॅम्पात फिरते म्हटल्यावर सगळ्यांना बोलायला विषय मिळाला. आमच्या यांनी एकदाच विचारलं, "काय काढता एवढं?" मी प्रिंट दाखवले. हे बघून म्हणाले, "हा तर आपला वरचा नाका." झालं, पुन्हा विचारलं नाही. आणि तुझ्या बायकोने, पुष्पावहिनींनी, तर पहिल्याच दिवशी मला सांगून टाकलं होतं, "घेऊन जा बाई, रविवारी घरात असले की माझा मिक्सर खोलून बसतात."

तुझ्या डब्याला आकडा दाखवणारी खिडकी होती, ती उजेड शिरतो म्हणून तू काळ्या टेपने बुजवली होतीस. मग किती फोटो झाले ते कळणार कसं? तू पाठीवर पांढरी चिकटपट्टी लावायचास. फोटो झाला की खुंटी दीड वेढा फिरवायची आणि खिशातलं पेन काढून पट्टीवर रेघ मारायची. एका रोलमध्ये वीस फोटो. रस्त्यात उभा राहून जिभेचं टोक बाहेर काढून रेघ मारणारा तू, हे चित्र माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. चित्रच म्हणते, कारण फोटो नाही.

आणि तो तुझा नियम. रोलमधला विसावा, शेवटचा फोटो तू काढायचा नाहीस. समोर जो अनोळखी असेल त्याच्या हातात डबा द्यायचास आणि स्वतः समोर जाऊन उभा राहायचास. केळीवाला, रंगारी, न्हावी, भजनाला निघालेल्या बायका. "हितून बघा, हितं दाबा." लोक आधी बिचकायचे, मग हसायचे, मग एकदम गंभीर व्हायचे. कॅमेरा हातात आला की माणसाचा चेहरा बदलतो, हे मी तुझ्यामुळे पाहिलं. फोटो अर्थातच एकजात वाकडे. कुठे तुझं डोकं कापलेलं, कुठे निम्म्या फोटोत काढणाऱ्याचं बोट. एकात तर नुसते तुझे बूट आणि एक कुत्रं.

मी म्हणायचे, एक मला काढू दे, सरळ काढते, मापात. तू म्हणायचास, "म्हणूनच नको. तुला मी आवडतो. तू मला चांगला काढशील."

"मग त्यात वाईट काय आहे?"

"भारती, आमच्या वस्तीत लहानपणी कॅमेरा कोणाकडे नव्हता. शाळेत साहेब यायचे फोटो काढायला, ते सांगतील तिथे उभं राहायचं, सांगतील तेव्हा हसायचं. कॅमेरा ज्याच्या हातात, हुकूम त्याचा. मी दिवसभर लोकांवर हुकूम चालवतो, तर दिवसात एकदा तरी डबा हातातून सोडायला नको?"

सोड ना, पण माझ्या हातात सोड, असं मी म्हणायचे. "तू रस्त्यावरची नाहीस," तू म्हणायचास. विषय संपला. मला तेव्हा हे बोलणं लागायचं. खोटं कशाला बोलू, अजून लागतं.

तुझा हा ताठा मी एकदा फार जवळून पाहिला. अंबरनाथचा मासळी बाजार. तू एका कोळणीचा फोटो काढलास, ती कोलंबी निवडत होती, पदर घसरला होता. तिने बघितलं आणि उठलीच. "फोटू कशाला काढलास रं? मी काय तुझी कोन लागतंय?" मी मध्ये पडणार होते, म्हणणार होते, मावशी, चांगला माणूस आहे. तू मला हाताने मागे सारलंस. डब्याची पाठ उघडलीस आणि अख्खा रोल तिच्यासमोर उन्हात ओढून काढलास. सोळा फोटो पांढरे झाले. त्यात कुळगावच्या आमच्या जुन्या विहिरीवरचा एक होता, मी तुझ्या डब्यातून काढलेला, पाडापाडी चालू होती आणि विहीर दुसऱ्याच दिवशी बुजणार होती. विहीर गेली. फोटो गेला. कोळण मात्र शांत झाली आणि तिने आपल्याला दोन बोंबील बांधून दिले. मी महिनाभर तुझ्याशी बोलले नाही. तुझं बरोबर होतं हे मला त्याच दिवशी कळलं होतं. पण ती विहीर माझी होती, अशोक, आणि तू मला विचारलं नाहीस.

हे तुला कधी सांगितलं नाही. आता सांगून टाकते. आणि हेही सांगते, की त्या विहिरीसकट जे जे मी बघायला शिकले ते तुझ्यामुळे. आमच्या शेतांवर आता बावीस-बावीस मजले उभे आहेत. मी रोज त्यांच्याखालून जायचे आणि मान खाली घालायचे. तू म्हणालास, मान वर कर, त्या बाल्कन्यांत बघ, वाळत घातलेल्या गोधड्या तुझ्याच गावातल्या आहेत. होत्याच.

शेवटचं भांडण दवाखान्यात झालं. तुझ्या छातीत पाणी भरलं होतं, बोलताना धाप लागत होती, आणि उशाशी डबा होता. पट्टीवर एकोणीस रेघा. मी मोजल्या. म्हटलं, एक उरलाय. आता इथे रस्ता नाही, केळीवाला नाही, मी आहे. काढू दे.

तू मान हलवलीस. "हा रस्त्यावरचा."

"रस्त्यावर जाशील तेव्हा जाशील. आत्ता मला दे."

"नाही."

मी उठून निघून गेले. दारातून वळूनही बघितलं नाही. मला वाटलं, दोन दिवस फुगून बसू आणि तिसऱ्या दिवशी येऊ. तिसऱ्या दिवशी पहाटे वहिनींचा फोन आला.

तर त्या सुटातल्या माणसाकडे बघून माझं डोकं फिरलं ते यामुळे. वीस वर्षं ज्याने ओळखीच्या माणसाला आपला चांगला फोटो काढू दिला नाही, त्याला आता कोणीतरी फुकटचा चांगला करून टाकलाय. मी रिक्षा केली, घरी गेले, कपाटातून तुझे वाकडे फोटो काढले आणि परत आले. विहारात दोन खिडक्यांना सुतळी बांधली आणि कपडे वाळत घालायच्या चिमट्यांनी फोटो टांगायला लागले. डोकं कापलेला तू. बोटाआडचा तू. बूट आणि कुत्रं.

वस्तीतले एक मोठे गृहस्थ पुढे आले. "ताई, असे फोटो बरे दिसत नाहीत. माणूस गेलाय. काहीतरी मान ठेवा."

"मान ठेवूनच लावतेय," मी म्हटलं. "हे त्याने स्वतः उभं राहून काढून घेतलेत. तो सूट त्याने घातला नव्हता."

ते वहिनींकडे बघायला लागले. मीही बघितलं. मला वाटलं, वहिनी म्हणतील राहू दे बाई, कशाला तमाशा. वहिनी पांढऱ्या साडीत भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्या उठल्या, सुतळीपाशी आल्या, आणि कुत्र्याचा फोटो बघून त्यांना हसू फुटलं. चांगलं मोठ्याने. मग त्यांनीच चिमटा मागितला. जलदान झालं, वंदना झाली, आणि नंतर तासभर लोक त्या सुतळीखाली उभे राहून एकमेकांना सांगत होते, हे आपल्या नाक्यावरचं, हा तर तो न्हावी. बॅनरजवळ कोणी नव्हतं. राहुलने आपणहून तो गुंडाळून ठेवला, तेव्हा मात्र मला वाईट वाटलं आणि मी त्याला जवळ घेतलं.

निघताना वहिनींनी डबा माझ्या हातात दिला. "यात काय आहे ते तुम्हीच बघा. मला त्यातलं कळत नाही." पाठीवर पट्टी होती. एकोणीस रेघा.

म्हणजे विसावा फोटो कोरा. तुझा रस्त्यावरचा. मी आठवडाभर डबा समोर ठेवून तुझ्याशी भांडले. तू समोर नसताना तुझा फोटो कोणी काढायचा? सोडून द्यावा असा? रोल तसाच धुवावा, शेवटची चौकट कोरी ठेवून? सगळ्यांनी तेच सांगितलं असतं. माझ्या मनात आलं, नाही. तू गेलास म्हणून रोल अर्धवट राहणार नाही. नियम असा आहे, की शेवटचा फोटो रस्त्यावरचा माणूस काढतो आणि कॅमेरा ज्याचा तो समोर उभा राहतो. आता कॅमेरा माझा आहे.

रविवारी मी मुद्दाम गडद हिरवी साडी नेसले. तुझ्या मागे पांढऱ्यात फिरायची मला हौस नाही. उल्हासनगर दोन नंबरला गेले, तो सोफावाला टेम्पो उभा होता त्याच गल्लीत. पापडाची टोपली घेऊन एक सिंधी आजी बसली होती. मी तिच्या हातात डबा दिला. तिने तो कानाशी नेऊन हलवला.

"बेटी, इसमें फोटो दिखता किधर है?"

"दिखता नहीं, अम्मा. बाद में दिखेगा."

"किसका निकालूँ?"

"मेरा."

"हँस तो सही," ती म्हणाली. मी हसले नाही. मला हसायचं नव्हतं. मी तुझ्यासारखी दोन्ही हात कमरेवर ठेवून उभी राहिले आणि तिने खटका दाबला. आजूबाजूचे दोन दुकानदार बघत होते. बघू देत. मग आजीने मला एक पापड भाजून दिला आणि मी तो तिथेच उभ्याने खाल्ला.

दुपारी न्हाणीघराच्या खिडकीला काळं कापड लावून रोल धुतला, तू शिकवलास तसा, पाणी मनगटावर घेऊन बघत. पट्टी दोरीला लावली आणि मोजायला लागले. एक ते एकोणीस तुझे. ओळखू आले मला, तुझा डोळा मी कुठेही ओळखीन. मग विसावा बघितला आणि खाली स्टुलावर बसले.

त्यात मी होते. कमरेवर हात, कपाळाला आठी. आणि माझ्या साडीच्या गडद भागात, डाव्या खांद्याच्या खाली, तू होतास. दवाखान्याचा सदरा, दाढी वाढलेली, गालावर चामखीळ. हसत होतास. कोपऱ्यात कोणाचातरी अंगठा आला होता आणि खाली पोछ्याची बादली.

संध्याकाळी मी प्रिंट घेऊन वहिनींकडे गेले. त्यांनी एक नजर टाकली. "हा तर हे गेले त्याच्या आदल्या दिवशी सकाळचा. मी चहा घेऊन आले तर हे व्हरांड्यात उन्हात बसलेले आणि फरशी पुसणाऱ्या मावशींच्या हातात डबा. मावशी घाबरल्या होत्या, हे त्यांना सांगत होते, हितं दाबा. मला काय माहीत तुम्हाला सांगायचं असतं."

मी वहिनींकडून तुझी वही मागून घेतली आणि घरी येऊन जुन्या चिकटपट्ट्या बघितल्या. तू त्या फेकायचा नाहीस, वहीत चिकटवायचास. त्या कोळणीच्या रोलची सोडली तर सगळ्यांवर एकोणीस रेघा. एकावरही वीस नाहीत. रेघ तू खुंटी फिरवल्यावर मारायचास, आणि शेवटच्या फोटोनंतर फिरवायला काही नसतंच. एकोणीस रेघा म्हणजे रोल संपला, किंवा संपायला एक बाकी, आणि यातलं काय ते फक्त तुला माहीत. जन्मभर दुसऱ्यांची मापं काढणारी मी. वीस वर्षं शेजारी उभी होते आणि हे कधी मोजलं नाही. झालेल्या फोटोवर फोटो मारला. तपासणी खात्यातल्या बाईकडून एवढी मोठी चूक, तू ट्रे घेऊन माझ्या टेबलापाशी आला असतास आणि वर्षभर हसला असतास.

पण ऐक. तुझा नियम मी मोडला नाही. तुझा फोटो मावशींनी काढला, माझा आजीने, दोघीही रस्त्यावरच्या, अनोळखी. वाकडा आहे, अंगठा आहे, माप कुठेच नाही. तुझ्या सगळ्या अटी पूर्ण. आणि तरी मी तिथे आहे, आणि तू माझ्या खांद्याशी आहेस, आणि यातलं काही आता कोणाला पुसता येणार नाही. तुलासुद्धा नाही.

मी तो मोठा करून घेतलाय. वहिनींनी तो भिंतीवर लावलाय, हार न घालता. आलेल्या माणसांना त्या सांगतात, हे आमचे, आणि ही यांच्याशी भांडणारी भारती. लोक काय म्हणतील ते म्हणू देत.

डब्यात नवा रोल भरलाय. पट्टी लावलीय, पेन खिशात आहे. या रविवारी आमच्या कुळगावातच फिरणार आहे. तुला हा फोटो पटला नसेल तर ये, आणि भांड माझ्याशी.